कुलसुमबीच्या पुरचुंड्या

कुलसुमबीच्या हाती तारखेचा शिक्का देऊ नये, हे अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या डाळमिलमध्ये पहारेकऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कारण एकदा दिला होता.

मिलचे दिवाणजी पुंजाराम दुपारचं जेवण झालं की टोपी काढून तुरीच्या थप्पीला टेकायचे आणि तोंड उघडं टाकून घोरायचे. अकरा वर्षांपूर्वीच्या एका दुपारी कुलसुमबी शिक्का घेऊन त्यांच्यासमोरून चालली होती. शहाणी बाई असती तर गेली असती निघून. पण समोर एवढं मोठं, गुळगुळीत, अगदी रिकामं टक्कल! तिचा हात आवरला नाही. ठप्प! पॅकिंगची तारीख अमुक, वापरण्याची मुदत सहा महिने. पुंजाराम उठले, तोंडावर पाणी मारलं, टोपी चढवली आणि तसेच बडनेऱ्याला भाचीच्या साक्षगंधाला गेले. तिथे पाया पडताना टोपी पडली. नवरदेवाच्या मामाने वाकून सगळं नीट वाचलं आणि भर मांडवात विचारलं, "दिवाणजी, सहा महिने झाले का मंग काय करा लागते?"

तेव्हापासून शिक्का मालकाच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात गेला. ज्या बाईला पुड्यांवर तारीख मारायची असेल तिने पुड्यांची टोपली उचलून शेडच्या या टोकापासून त्या टोकाला ऑफिसात जायचं, मालकाकडून शिक्का मागून घ्यायचा, तिथेच ठप्पे मारायचे, शिक्का परत करायचा आणि टोपली घेऊन माघारी यायचं. सगळ्या बाया कुलसुमबीच्या नावाने बोटं मोडत जायच्या आणि ऑफिसातून परत येताना पुंजारामांचं डोकं आठवून हसायच्या. अकरा वर्षं हे असंच चाललं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कुलसुमबी मूळची बडनेऱ्याची. बाप रेल्वे स्टेशनवर हमाल होता. त्याच्याकडून तिला दोन गोष्टी मिळाल्या, भराभर चालणारे पाय आणि तीन फलाटांवर पोचेल असा आवाज. लग्न होऊन ती अकोल्याला अकोट फैल वस्तीत आली. नवरा जैनुद्दीन शिंपी. दोन पोरी झाल्या, शिकल्या, आपापल्या घरी गेल्या. पस्तिसाव्या वर्षी ती या मिलवर कामाला लागली ती अजून आहे. आज चोपन्नची आहे, उंच आहे, वाळकी आहे, आणि कोणाची खोडी काढल्याशिवाय तिचा दिवस गोड होत नाही. जुम्म्याच्या दिवशी मात्र ती खोड्या काढत नाही असं ती स्वतः सांगते. बाकीच्या बायांना हे पटलेलं नाही.

पॅकिंगच्या शेडमध्ये सहा जणी. कोठीतून घमेल्यात तूरडाळ आणायची, काट्यावर किलोकिलो तोलून प्लॅस्टिकच्या पन्नीत भरायची, सीलिंग मशीनच्या दांड्याखाली पन्नीचं तोंड धरून दांडा दाबायचा, लाल दिवा विझला की सोडायचा. पुडी झाली. मग ती शिक्क्याची वारी. मग तीस पुड्यांचा एक कट्टा बांधायचा आणि थप्पीला लावायचा. प्रत्येक बाई आपलं आपण सगळं करणार, अशी पद्धत.

या सहा जणींत कुलसुमबीची जानी दुश्मन म्हणजे गंगूबाई. एकसष्ट वर्षांची, बुटकी, गोल, तिवश्याकडची. सतरा वर्षं दोघी शेजारी बसतात आणि सतरा वर्षं भांडतात. डबा मात्र एकमेकींचा खातात. कुलसुमबीच्या डब्यातलं वांग्याचं भरीत गंगूबाईच्या पोटात जातं आणि वर "तिखट कमी हाये व" अशी पावती मिळते.

दोन वर्षांपूर्वी गंगूबाईचा उजवा गुडघा गेला. बसली की उठवत नाही आणि उठली की बसवत नाही. लेक तिवश्याला आहे, चांगला आहे, दर महिन्याला फोन करतो, आता पुरे, ये, आराम कर. गंगूबाईला त्या आरामाचीच धडकी भरायची. एकदा तिने कुलसुमबीला सांगितलं होतं, "अठी दिवसभर लोक मले विचारतात, गंगूबाई पुडी झाली काय, गंगूबाई कट्टा झाला काय. तठी मले कोण काय विचारीन? सून चहा आणून ठेवीन अन् मी दाराकडे पाहत बसीन. मरण परवडलं."

कुलसुमबी त्यावर "मंग मर ना, जागा तं होईन" असं म्हणाली होती. पण त्याच दिवसापासून तिने एक काम गुपचूप सुरू केलं. स्वतःसाठी डाळ आणताना गंगूबाईचं घमेलं भरून आणायची. स्वतःची पन्नी आणताना तिचा गठ्ठा आणायची. स्वतःच्या टोपलीत तिच्या पुड्या घालून शिक्का मारून आणायची. बोलताना मात्र तोंड चालूच. गंगूबाईही काही उपकार मानणारी नव्हती. ती म्हणायची, "ठेव तुह्या पुड्या अठी. बसल्या बसल्या दाबून देतो." कुलसुमबी मनात म्हणायची, बिचारीला वाटत असेल आपलाही काही उपयोग व्हावा, करू दे. आणि आपल्या भरलेल्या पुड्या तिच्यापुढे सरकवायची. पाहता पाहता बाकीच्या चौघींनाही सवय लागली. गंगूबाईचा हात सीलवर असा काही चालायचा, की लाल दिवा विझतो न विझतो तोच पुढची पुडी दांड्याखाली यायची.

आणि मग श्रावणात आचल आली.

आचल म्हणजे मालक भगवंतरावांची मुलगी. सगळे भगवंतरावांना भाऊ म्हणतात. मूळचे हिवरखेडचे कास्तकार. तुरीला भाव देणारे देणार नाहीत, आपणच डाळ करू, असं म्हणून त्यांनी ही मिल उभी केली. आचल लहानपणी याच शेडमध्ये बारदान्यावर झोपायची, आणि आता चाकणला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चार वर्षं इंजिनियरकी करून मिल सांभाळायला परत आली होती. गरजही होती. अमरावतीचा मोठा दुकानदार रोज फोन करून पुड्यांच्या नावाने शंख करायचा. माल उशिरा, माल कमी, माल कुठे आहे.

आचल आली आणि मोबाईल हातात धरून बायांच्या मागे उभी राहिली. पहिला अर्धा तास कुलसुमबीने सोसलं.

"काय पाहून राहिली व माय? आमी पुड्या भरतो, शर्यतीत पळत नाई."

"तुमचं चालू द्या मावशी. मी फक्त वेळ मोजतेय."

"मोज बाप्पा. एकोणीस वर्षांत माहा वेळ कोणी मोजला नाई. लगनासाठी पाहाले आल्यासारखं वाटून राहिलं."

आचल हसली, पण मोबाईल खाली केला नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यांना समजावलं. जपानी लोकांनी काढलेली पद्धत आहे. गिऱ्हाईक आपल्याला कशासाठी पैसे देतं? चांगल्या डाळीसाठी, नीट बंद केलेल्या पुडीसाठी. तुम्ही टोपली घेऊन ऑफिसात चालत जाता, त्या चालण्यासाठी देतं का? शिक्क्यासाठी खोळंबून उभ्या राहता, त्यासाठी देतं का? जे गिऱ्हाईकाच्या कामाचं नाही ते सगळं वाया. ते शोधायचं आणि काढून टाकायचं.

"म्हंजे जास्तीचं चालणं काढा लागते," सहा जणींतली आशाबाई म्हणाली.

"बरोबर."

कुलसुमबीला गोष्ट लागलीच पटली. हमालाची पोर ती, फुकटचं ओझं वाहणं म्हणजे काय ते तिला शिकवायला नको होतं. ती मान डोलावून म्हणाली, "पोट्टी हुशार निघाली." हे तिने मनापासून म्हटलं होतं, आणि आठच दिवसांनी तिला त्याचा पस्तावा झाला.

त्या दिवशी ती ऑफिसात शिक्के मारत होती. आतल्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि बापलेक बोलत होते.

"बाबा, मी सगळं मोजलंय. पॅकिंगचं काम नीट लावलं तर चार जणींचं आहे. आपण सहा ठेवल्यात."

"मंग?"

"दसऱ्यानंतर दोघींना कमी करावं लागेल. एक तर गंगूबाई. दुसरं नाव ठरवून सांगते."

कुलसुमबीचा पुढचा ठप्पा पुडीवर पडायच्या ऐवजी टेबलावर पडला. गंगूबाई तिवश्याला, दारात, चहाची वाट पाहत! आणि आपण इथे शेजारची रिकामी जागा पाहत! ती तशीच शिक्का हातात घेऊन केबिनमध्ये घुसली.

"आचल, तुह्या बापाच्या खांद्यावर बसायची तेव्हापासून पाहून राहिली मी तुले. हेच शिकून आली काय व चाकणले?"

भाऊ आधी तिच्या हातातल्या शिक्क्याकडे पाहून मागे सरकले. आचल उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता, पण ती मागे हटली नाही. "मावशी, मलाही बरं वाटत नाही. पण हिशेब तोच आहे."

"तुहा हिशेब अर्धा हाये. एवढं काम चार जणींत होते म्हणतो ना? मंग सहा जणींत दीडपट होईन! तो अमरावतीवाला माल माल करून बोंबलून राहिला, त्याले दे ना. माणसं कायले काढतो? वाया काढ."

भाऊंनी लेकीकडे पाहिलं. आचल म्हणाली, "दीडपट होईल हे दाखवा. वाया काय जातंय आणि कुठे, ते मला नेमकं दिसलं पाहिजे. चाकणला आम्ही कागदावर नकाशा काढायचो, कोण माणूस दिवसभर कुठे कुठे चालतो त्याचा."

"कागदावर कायले? एवढी मोठी फरशी पडली हाये. मले एक दिवस दे. अन् गंगूले काही सांगू नको."

कुलसुमबी घरी जाऊन जैनुद्दीनसमोर अस्तराच्या चिंध्या टाकती झाली. "सात पुरचुंड्या शिव. कमरेले बांधायले नाडी लाव. अन् प्रत्येकीच्या बुडाले एक काज कर, बारीक." जैनुद्दीनने चष्म्यावरून पाहिलं. पुरचुंडीला काज कशाला, आणि काज केलं तर बटण कुठे, असा प्रश्न कोणत्याही शिंप्याला पडेल. पण छत्तीस वर्षांच्या संसारात त्याने एवढं शिकून घेतलं होतं, की काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या. त्याने काजं केली, तीही अशी सुबक की शेरवानीला शोभावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलसुमबीने पुरचुंड्यांमध्ये चुरी भरली. डाळ भरडताना जो भुगा निघतो ती चुरी, मिलमध्ये तिचे डोंगर असतात. स्वतःच्या चुरीत तिने हळद कालवली, म्हणजे आपली रेघ वेगळी दिसेल. एकेकीच्या कमरेला पुरचुंडी बांधली आणि आचलला चालून दाखवलं. पाऊल टाकलं की काजातून चिमूटभर चुरी गळायची आणि काळ्या फरशीवर रेघ उमटायची. आचलचे डोळे चमकले. "मावशी, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"फाटक्या पोत्यानं," कुलसुमबी म्हणाली.

सातवी पुरचुंडी तिने मुद्दाम दिसेल अशी खुंटीला अडकवून ठेवली होती. साडेनऊला भाऊ आले.

"हे काय बांधून राहिल्या व?"

"आचलचं शास्तर हाये भाऊ. जो जो मिलमध्ये कामाचा माणूस, त्याच्या कमरेले पुरचुंडी. तुमी राहू द्या."

"राहू द्या म्हंजे?"

"तुमाले काय गरज? तुमी मालक."

भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "म्हंजे मी बिनकामाचा हावो काय? माहा पाय ठरते काय दिवसभर? बांध मले! ते कोणाची लटकून राहिली? तेच बांध."

"नाई म्हटलं, तुमाले उगाच तरास..."

"बांध म्हणतो ना!"

आशाबाईने पदर तोंडात कोंबला. मालकाचा मान म्हणून कुलसुमबीने त्या पुरचुंडीत चुरीबरोबर मिलच्या देव्हाऱ्यातलं मूठभर कुंकू मिसळलं होतं.

आता भाऊंच्या फेरीविषयी सांगायला पाहिजे. भाऊ मनाने कास्तकारच राहिले. सकाळ संध्याकाळ वावरात चक्कर मारल्याशिवाय पीक नीट येत नाही, असं त्यांना वाटतं, आणि मिल म्हणजे त्यांच्या लेखी छपराखालचं वावरच. म्हणून दर तासाला एकदा तरी ते शेडमधून फिरायचे. ते आले की बाया काम टाकून उभ्या राहायच्या, डोक्यावरचे पदर सारखे करायच्या, आणि गंगूबाई बसल्या जागी हात थांबवायची. भाऊ म्हणायचे, "बसा, बसा." मग कोणी बसायचं नाही, कारण ते एकेकीला विचारायचे, "जेवल्या काय?" सकाळी दहाला सुद्धा. मग घमेल्यातला डाळीचा एक दाणा दाताखाली फोडायचा, "हं" म्हणायचं आणि पुढे जायचं. यात कोणाचा काही दोष नव्हता. भल्या माणसाला मान द्यायचा नाही तर कोणाला द्यायचा?

पण त्या दिवशी भाऊंच्या कमरेला पुरचुंडी होती. कामाचा माणूस कसा असतो हे लेकीला दाखवायची संधी त्यांना सोडवेना. ते दर वीस मिनिटांनी शेडमध्ये हजर. कधी हमालांना, कधी काट्याला, कधी नुसत्या भिंतीला भेट देऊन गेले. बाया उठल्या, बसल्या, उठल्या, बसल्या. सुंदराबाई दुपारी म्हणाली, "आज तं मले शाळेत असल्यासारखं वाटून राहिलं." कुलसुमबी चेहरा सरळ ठेवून प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी उभी राहत होती.

पाच वाजता काम थांबलं. डाळ चाळायच्या मशीनकडे जाणारा लोखंडी जिना आहे, त्याच्या वरच्या पायरीवर आचल, भाऊ, पुंजाराम आणि कुलसुमबी जाऊन उभे राहिले. बाकीच्या खालीच थांबल्या. गंगूबाई आपल्या जागेवर बसून होती.

खाली फरशीवर सगळा दिवस लिहिलेला होता. कोठीपासून काट्यापर्यंत चुरीच्या रेघा, मशीनकडून थप्पीकडे, थप्पीकडून पन्नीच्या कपाटाकडे. सगळ्यात जाड पट्टा शेडच्या या टोकापासून ऑफिसच्या दाराकडे जाणारा, पायवाट पडावी तसा. आणि या सगळ्यावरून, आडवी, उभी, वळसे घेत, भिंतीपर्यंत जाऊन माघारी फिरत, सणाच्या दिवसासारखी लालभडक रेघ.

भाऊ निरखून पाहू लागले. "हे लाल कोणाचं व? कोण एवढं येड्या-बह्याडासारखं फिरून राहिलं?"

पुंजाराम छताकडे पाहू लागले. भाऊंचा हात सावकाश आपल्या कमरेकडे गेला.

"माहं?"

"तेवीस फेऱ्या, बाबा," आचल वहीत पाहून म्हणाली. हसू दाबताना तिचा आवाज थरथरत होता. "दर फेरीला चार मिनिटं सगळ्यांचे हात बंद. दीड तास झाला. सहा जणींचा दीड तास, रोज."

"रोज नाई. आज जरा जास्त झाल्या." भाऊ खरोखरच शरमले. "पण मी तं त्यायले बसा म्हणतो!"

"तेच तं भाऊ," कुलसुमबी म्हणाली. "बसा म्हणायले तुमी येता, म्हणून आमी उठतो."

आचलने मग ऑफिसच्या दाराकडे जाणाऱ्या जाड पट्ट्याकडे बोट दाखवलं. "आणि हे काय? तारखेचा शिक्का तिकडे का ठेवलाय?"

यावर सगळ्यांनी, भाऊंनी सुद्धा, कुलसुमबीकडे पाहिलं. पुंजारामांनी टोपी दोन्ही हातांनी घट्ट खाली ओढली. आचलला ती गोष्ट ऐकवावी लागली, आणि ऐकून ती जिन्याचा कठडा धरून इतकी हसली, की खालच्या बायाही काही न कळताच हसू लागल्या. कुलसुमबीला वाटलं, जमलं! पोरगी हसली म्हणजे गंगूबाई वाचली.

तेवढ्यात आचल हसायची थांबली. ती खाली एकाच जागी पाहत होती.

"गंगूबाईंच्या जागेपासून बाहेर एकही रेघ निघत नाही. पुरचुंडी बांधली होती ना त्यांना?"

अगं माय! भाऊंची खोडी काढायच्या नादात हे कुलसुमबीच्या डोक्यातच आलं नव्हतं. जी दोन वर्षं झाकून ठेवली ती गोष्ट तिने स्वतःच्या हाताने, हळद घालून, फरशीवर काढून ठेवली होती.

आचल जिना उतरली. गंगूबाईने कमरेची पुरचुंडी सोडून तिच्या हातात दिली. सकाळी भरली तशी गच्च होती.

"तिचं काज बुजलं असंन!" कुलसुमबी मागून ओरडली. "जैनुद्दीनले आता दिसत नाई, काजं धड जमत नाईत त्याले!" बिचारा जैनुद्दीन. आचलने पुरचुंडी दाबली, चुरी भुरभुर खाली सांडली. काजात काही दोष नव्हता.

मग आचल हळदीच्या रेघेवरून चालू लागली. कोठीपासून गंगूबाईपाशी. कपाटापासून गंगूबाईपाशी. गंगूबाईपासून ऑफिस आणि परत गंगूबाईपाशी. कुलसुमबीला सगळं खरं सांगून टाकावंसं वाटलं, हात जोडावेसे वाटले, आणि त्याच वेळी या पोरीच्या पाठीत एक धपका घालावा असंही वाटलं.

"आज कट्टे किती झाले, आशाबाई?" आचलने विचारलं.

"चाळीस."

"त्यातल्या किती पुड्या गंगूबाईंनी सील केल्या?"

आशाबाईने कुलसुमबीकडे पाहिलं. कुलसुमबीने डोळे मिटून घेतले. "निम्म्याच्या वर असतीन," आशाबाई म्हणाली. "आमी साऱ्याच तिच्यापाशी ठेवतो. तिचा हात चांगला हाये."

आचल जिन्याच्या पहिल्या पायरीवर मटकन बसली. आणि मग तिच्या तोंडून चार वर्षांत पहिल्यांदा अस्सल वऱ्हाडी बाहेर पडलं. "निरी बह्याड हावो मी! बाबा, हे चाकणले करायले आमाले आठ महिने लागले होते!"

कोणाला काही कळेना. तिने समजावून सांगितलं. माणसाने कामामागे धावायचं नसतं, काम माणसाच्या हाताशी आलं पाहिजे. या शेडमध्ये एकच बाई बरोबर बसली आहे. तिला डाळ जागेवर येते, पन्नी जागेवर येते, ती उठत नाही, आणि म्हणून निम्म्या पुड्या तिच्या हातून निघतात. चुकतायत त्या बाकीच्या पाच. सगळ्यांना गंगूबाईसारखं बसवायचं.

"म्हंजे मी बसून राहतो ते चांगलं हाये?" गंगूबाईने संशयाने विचारलं.

"सगळ्यात चांगलं."

"मंग मले आधी पंधरा वर्षं उठबस काहून कराले लावली?" गंगूबाई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात टेबलं अर्धगोल मांडली. दोघी कोठीजवळ भरणार, एक तोलणार, दोघी सील करणार, एक शिक्का मारून कट्टा बांधणार. पुडी हातोहात सरकत जायची, तिच्यासाठी कोणाला चालावं लागायचं नाही. शिक्का ड्रॉवरमधून बाहेर आला, पण आशाबाईच्या हाती. या अटीवर पुंजाराम अडून बसले होते. भाऊंच्या दोनच फेऱ्या ठरल्या, आणि ते आले तरी कोणी उठायचं नाही. पहिले दोन दिवस भाऊ दारात उभे राहून घुटमळले. मग त्यांनी गोदामाच्या बाजूला फिरायला सुरुवात केली, आणि आता तिकडे पुंजारामांना उभं राहावं लागतं. दसऱ्याआधी साठ कट्ट्यांचा दिवस गेला. अमरावतीचा दुकानदार फोनवर म्हणाला, आता जरा दमानं पाठवा, ठेवायले जागा नाई. आचलने वहीतलं कमी करायच्या नावांचं पान सगळ्यांसमोर फाडलं. सहाच्या सहा जणी राहिल्या.

आता कुलसुमबीच्या पोटात ही गोष्ट किती दिवस राहणार? शिवाय तिला एक राग होता. आचलने तिला तोलायला, काट्यावर बसवलं होतं, सीलवर नाही. काट्यावरचे आकडे मोठे, लाल, दिसायला सोपे. सीलवर मान असतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळ्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि मिल लवकर सुटली. फाटकाबाहेर ऑटोची वाट पाहताना तिने गंगूबाईला गाठलं.

"एक सांगतो, रागावजो नको. माह्यामुळे राहिली तू अठी. दोन वर्षं तुह्यासाठी डाळ वाहिली मी, पन्नी वाहिली, शिक्के मारले. त्या पोट्टीनं तुहं नाव लिहिलं होतं. मी लढली."

गंगूबाई फाटकाच्या ओट्यावर बसली, गुडघा सरळ केला आणि निवांतपणे म्हणाली, "माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"नाव लिहिलं होतं ते. काहून लिहिलं तेही माहीत हाये. अमरावतीहून उसवलेल्या पुड्या परत आल्या होत्या. वाकडं सील. आचलनं मले एकटीले विचारलं, ह्या कोणाच्या. मी म्हटलं, माह्या."

"तुह्या? तुहं सील वाकडं?"

"माहं कायले वाकडं असंन व! तुह्या होत्या. दोन वर्षं झाले, तुले पन्नीचं तोंड दिसत नाई. मी रोज म्हणतो ना, ठेव अठी, दाबून देतो? तुह्या पुड्या मी परत दाबून राहिली. ज्या माह्या हातून सुटल्या त्या अमरावतीले गेल्या."

कुलसुमबी उभीच राहिली. तीन फलाटांवर पोचणारा आवाज कुठे गेला, तिला सापडेना. शेवटी ती पुटपुटली, "बुढे, तुले काढलं असतं ना! तिवश्याले जा लागलं असतं!"

"मले न्यायले लेक तं हाये तिवश्याले," गंगूबाई म्हणाली. "तुले कोण ठेवून घेतलं असतं व, एवढं बोलणारीले?"

कुलसुमबी तिच्या शेजारी ओट्यावर बसली आणि भर रस्त्यात, ऑटोवाल्यांसमोर, पदरात तोंड घालून रडायला लागली. गंगूबाईने थोडा वेळ रडू दिलं. मग कोपराने तिला ढोसलं.

"पुरे आता. आधीच दिसत नाई तुले, त्यात रडतो कायले?"